दुसऱ्या शस्त्रक्रियेचं बिल

गालांची हाडं कापून चेहरा अरुंद करून घ्यावा की नाही, यावर गोव्यात फोंड्यातल्या एका परिसंवादात अलीकडे चांगली दोन तास चर्चा झाली. विषय खरं तर तरुणाई आणि समाजमाध्यमं असा होता. श्रोत्यांतल्या एका मुलीनं कोरियन मालिकांतल्या चेहऱ्यांचं नाव काढलं आणि व्यासपीठावर सरळ दोन तट पडले. एकाचं म्हणणं, देवानं दिलेल्या, आईबापांवर गेलेल्या चेहऱ्याला हत्यार लावणं म्हणजे पैशांचा माज. दुसऱ्याचं म्हणणं, शरीर तिचं, पैसा तिचा, तुम्ही कोण विचारणार? टाळ्या दोन्हीकडे सारख्याच पडल्या. अध्यक्षांनी खरं सौंदर्य मनाचं असतं असा समारोप केला आणि मंडळी चहाला गेली.

हा वाद चुकीच्या जागी घातला जातोय असं माझं मत आहे. पहिली शस्त्रक्रिया करावी की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. ती बिघडली तर निस्तरण्यासाठी करावी लागणारी दुसरी शस्त्रक्रिया मात्र खासगी राहत नाही. तिथे कायदा येतो, विमा येतो, सरकारी इस्पितळ येतं, डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद येते, आणि आजच्या घडीला यांतलं कोणीही त्या रुग्णाला धड दारात उभं करत नाही. पुन्हा टेबलावर झोपायला तयार झालेल्या या माणसांना दोन्ही तटांनी परस्पर हावरट ठरवून टाकलंय. एक तट तसं बोलून दाखवतो. दुसरा त्यांचा विषयच काढत नाही, कारण स्वातंत्र्याच्या गोष्टीत त्यांची अडचण होते.

परिसंवादात ही शस्त्रक्रिया असते तरी काय, हे कोणी सांगितलंच नाही. डोळ्याखाली, जरा बाहेरच्या अंगाला जो टणक उंचवटा लागतो ते गालाचं हाड, डॉक्टरांच्या भाषेत झायगोमा. त्याची एक कमान कानाकडे जाते. समोरून चेहरा रुंद दिसतो तो मुख्यतः या कमानीमुळे, आणि तिरक्या कोनातून गाल उठून दिसतात ते पुढच्या भागामुळे. नुसता पुढचा भाग तासला तर समोरून चेहरा तेवढाच रुंद राहतो. म्हणून दोन्हीकडे कापावं लागतं. वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वर चीर देऊन पुढचं हाड बहुधा 'एल' अक्षराच्या आकारात करवततात, कधी मधली पट्टी काढून टाकतात. मग कानापुढे कल्ल्याच्या केसांत बारीक चीर घेऊन कमान मागच्या बाजूनं तोडतात, आणि सुटा झालेला तुकडा आत सरकवून टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी बसवतात. दक्षिण कोरियात हे अनेक वर्षं सर्रास चाललं आहे. आपल्याकडे असं करून घेणारे थोडे, आपली गर्दी नाक, चरबी आणि केसांच्या रोपणाला. तरी मी हेच उदाहरण धरतोय, कारण काढून टाकलेलं हाड परत आणता येत नाही आणि त्यामुळे इथे प्रश्न सर्वांत उघडा पडतो.

आता दोन बोटं गालाच्या हाडाच्या खालच्या कडेवर ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली जो स्नायू टणक होऊन फुगतो तो मॅसेटर, चावण्याच्या कामातला बलदंड गडी. तो याच हाडाला आणि याच कमानीला धरून आहे. म्हणजे जे हाड आता जुळून यायचं आहे, त्यालाच हा स्नायू घासागणिक खाली ओढणार. म्हणून तर शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पेज आणि गुरगुट्या भातावर राहायला सांगतात. पट्ट्या अपुऱ्या पडल्या, स्क्रू ढिले झाले किंवा माणसानं घाईनं सुका बांगडा चावायला घेतला, तर हाड जुळत नाही. फट राहते, तुकडा खाली सरकतो, चावताना कट्‌कन आवाज येतो, गालात खळगा पडतो. कमान प्रमाणाबाहेर आत गेली तर दुसरंच संकट : खालच्या जबड्याचं एक टोक तिच्या आतल्या बाजूनं हलत असतं, ते अडतं आणि तोंड पुरतं उघडत नाही. डोळ्याखालून निघणाऱ्या नसेला धक्का लागला तर गाल आणि वरचा ओठ बधिर राहतो. कपाळाकडे जाणाऱ्या नसेला लागला तर एक भुवई वर जात नाही.

पुन्हा शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांच्या तक्रारींत आणखी एक गोष्ट वारंवार येते, ती म्हणजे गाल ओघळणं. हाड कापण्यासाठी त्यावरचं मांस आणि त्वचा मोकळी करावी लागते आणि खालचा आधारही लहान होतो. माटवाचे खांब आत घेतले आणि वरचं कापड तेवढंच ठेवलं तर ते लोंबणारच. विशीत त्वचा आवळून येण्याची शक्यता बरी असते, चाळिशीकडे झुकल्यावर तेवढी राहत नाही. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या रेषा खोल होतात, आणि तरुण दिसायला गेलेलं माणूस आरशात थोरलं होऊन दिसतं.

आमच्या शेजाऱ्यांची एक भाची डिचोलीकडची. तिनं परराज्यातल्या एका शहरात हे करून घेतलं. घरी आधी सांगितलं नव्हतं. उजव्या बाजूनं चावलं की आवाज यायचा, म्हणून ती सगळं डाव्या दाढेनं खायची. तिकडच्या दवाखान्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर ठरलेलं : सूज आहे, थांबा. सूज असतेही, आणि ती पूर्ण उतरायला सहा-सहा महिने लागतात हेही खरं, त्यामुळे उत्तर खोटं पाडता येत नाही. शेवटी तिनं इथे सीटी स्कॅन काढला तेव्हा कमानीतली फट त्रिमितीय चित्रात स्वच्छ दिसली. मला ते चित्र दाखवताना म्हणाली, "काका, चेहऱ्याचं मरू दे. सकाळचा उंडो चावून खाता येत नाही मला."

यात नखरा कुठे आहे? दुचाकीवरून पडून गालाचं हाड मोडलेली पोरं बांबोळीच्या सरकारी इस्पितळात येतात, बऱ्याचदा हेल्मेट न घातलेली. तिथेही हेच हाड आणि याच पट्ट्या. आत दबलेली कमान कानशिलाच्या केसांतून चीर देऊन वर उचलण्याची पद्धत सर्जन हॅरॉल्ड गिलिज यांनी १९२७ मध्ये मांडली, ती आजही वापरात आहे. त्या पोरांचं हाड नीट जुळलं नाही आणि पुन्हा उघडावं लागलं तर कोणी त्यांच्या मनाच्या सौंदर्याची चौकशी करत नाही. हेल्मेट न घालण्याची चूकही त्यांना तिथल्या तिथे माफ होते. मग डिचोलीच्या मुलीच्या न जुळलेल्या हाडाला वेगळा न्याय का?

समोरच्या बाजूचे मुद्दे पोकळ आहेत असं मात्र नाही. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया मागणाऱ्यांत काहींचं दुखणं हाडात नसून मनात असतं. आपला एखादा अवयव विद्रूप आहे हा विचार माणसाला सोडत नाही, असा विकार मानसोपचारात नोंदलेला आहे, आणि अशा रुग्णाचं शस्त्रक्रियेनं सहसा समाधान होत नाही. नाक झालं की हनुवटी, हनुवटी झाली की गाल. त्यांना दुसऱ्यांदा कापू नये हे मलाही पटतं. पण मग त्यांना पहिल्यांदा तरी कापलं कसं? ती चाचपणी पहिल्या भेटीत डॉक्टरनं करायची असते. पैसे घेताना न दिसलेला मनोविकार तक्रार आल्यावरच दिसू लागला, तर त्या निदानावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. शिवाय फट सीटी स्कॅनमध्ये दिसते, रुग्णाच्या मनःस्थितीशी तिला देणंघेणं नसतं.

दोन बाजू सारख्या नाहीत ही तक्रार मात्र जपून ऐकावी लागते. दवाखाने सममिती विकतात, आणि ती मुळात कोणाकडेच नसते. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये वंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली ती मानवी कवटीच्या विषमतेवरच. कवटीच्या दोन बाजू एकसारख्या नसतात आणि त्या वेगळेपणाचा वंशाशी संबंध लागत नाही, असा निष्कर्ष घेऊन ही मराठी बाई वंशश्रेष्ठत्वाच्या त्या कारखान्यातून बाहेर पडली. गुरूला हवं होतं त्याच्या नेमकं उलट. ती थोडीशी विषमता जाहिरातीत दोष म्हणून दाखवायची, ती काढून देतो म्हणून पैसे घ्यायचे आणि नंतर रुग्णानं मिलिमीटर मोजला की त्यालाच वेडा म्हणायचं, हे कसं चालेल? मोजायला त्याला शिकवलं कोणी?

आता स्वातंत्र्यवाद्यांकडे येतो. त्यांचा मुद्दा सर्वांत जोरकस आहे आणि त्याला मराठी इतिहासाचाच आधार आहे. १७९२ च्या युद्धात टिपूच्या लोकांनी कावसजी नावाच्या इंग्रजांकडच्या गाडीवानाचं नाक कापलं. पुण्याकडच्या एका कुंभारानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याची सचित्र हकीकत आली, आणि पुढे १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जननं तिकडे ती शस्त्रक्रिया करून पाहिली. कावसजीला नाकाशिवाय श्वास घेता येत होता की. त्याला हवं होतं ते लोकांत तोंड दाखवता येणं. तेव्हा गरजेची शस्त्रक्रिया आणि हौसेची शस्त्रक्रिया यांच्यात मारलेली रेघ वाटते तेवढी पक्की नाही, हे मी विनाअट मान्य करतो. म्हापशा-कळंगुटच्या सलूनमध्ये आणि पणजीच्या हॉटेलांत मणिपूर, नागालँडकडच्या मुली काम करतात. गालांवरून आणि डोळ्यांवरून त्यांना रस्त्यात काय काय ऐकावं लागतं ते आपल्याला माहीत नाही असं नाही. ईशान्येच्या लोकांना होणाऱ्या या त्रासापायी केंद्र सरकारला २०१४ मध्ये बेझबरुआ समिती नेमावी लागली होती. त्यांच्यातल्या एखादीनं उद्या हाड कमी करून घेतलं तर तिला शहाणपण शिकवण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

पण निवड तिची आहे एवढं म्हणून हात झटकता येतात का? इंग्रजी अमदानीतल्या रिस्ले नावाच्या साहेबानं नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड लावली, आणि एका गालाच्या कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंतची रुंदी हेही त्या काळच्या मानवमितीचं ठरलेलं माप होतं. आज तेच माप मोबाइलमधलं ॲप घेतं आणि शेजारी दवाखान्याचा नंबर देतं. अशा बाजारात केलेली निवडही निवडच असते, पण तिला संरक्षण कमी लागतं असं म्हणणं उफराटं आहे. आपण सामान्य गिऱ्हाइकाला सोन्याची अंगठी घेताना हॉलमार्क देतो, आणि तोंडातलं हाड कापून घेणाऱ्याला मात्र सही केलेल्या एका छापील कागदावर सोडून देतो.

त्या कागदाविषयी सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात बरंच सांगून ठेवलं आहे. उपचार काय, त्याचे फायदे काय, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, हे रुग्णाला पुरेसं सांगितल्याशिवाय संमतीला अर्थ नाही. मात्र फार दुर्मीळ, निव्वळ तात्त्विक धोके सांगण्याची सक्ती त्यात नाही. आजारी माणसाला घाबरवून त्यानं आवश्यक उपचारच नाकारू नये, हा त्यामागचा व्यवहारी विचार, आणि तो बरोबर आहे. पण गालाची रुंदी कमी करायला आलेल्या धडधाकट माणसानं घाबरून शस्त्रक्रिया नाकारली तर बिघडलं काय? न करणं हाही तिथे पूर्ण सुरक्षित पर्याय असतो. म्हणून अशा शस्त्रक्रियांना संमतीची कसोटी अधिक कडक असावी. लहानमोठा प्रत्येक धोका सांगावा आणि तो झाला तर पुढे काय, हेही सांगावं.

बाजार आपोआप वाईट डॉक्टरांना बाहेर काढतो, असं एक वक्ते ठामपणे म्हणाले. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, हा बाजार फार मोठा आणि अतिशय चुरशीचा आहे. तिथे २०१६ मध्ये जबड्याच्या शस्त्रक्रियेत एका तरुणाचं अतोनात रक्त गेलं आणि पुढे तो दगावला. ज्या नामांकित सर्जनवर भरवसा ठेवून तो गेला होता, तो मधेच दुसरीकडे निघून गेल्याचं आईनं मिळवलेल्या सीसीटीव्हीच्या चित्रणात दिसलं. ती बाई वर्षानुवर्षं रस्त्यावर फलक घेऊन उभी राहिली. तेव्हा कुठे २०२१ मध्ये शस्त्रक्रियागृहात कॅमेरे लावण्याचा कायदा झाला, आणि २०२३ च्या सप्टेंबरात तो लागू झाला. बाजारानं आपोआप काहीही केलं नाही. ते शक्यही नव्हतं, कारण तिथे खरं बोललं तरी बदनामीचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. आपल्याकडेही बदनामी फौजदारी गुन्हा आहे आणि नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी बोललो हे दाखवावं लागतं; पण कायद्याच्या आधी लाजच पुरेशी आहे. डिचोलीच्या मुलीनं अजून कुठेही तक्रार केलेली नाही. 'कशाला गेली होतीस?' हा प्रश्न तिला आधीच ऐकू येतो. आणि ग्राहक आयोगात दाद मागायची मुदत दोन वर्षं. त्यातला बराच काळ सूज उतरण्याची वाट पाहण्यात जातो.

विम्याचं तर विचारूच नका. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज सोडली तर सौंदर्यशस्त्रक्रिया आरोग्य विम्याच्या ठरलेल्या अपवादांत बसते. मग त्या शस्त्रक्रियेतून उपजलेलं न जुळलेलं हाड कशात बसतं? ते जुळवायला फट साफ करावी लागते, कधी कवटीतून किंवा कमरेच्या हाडातून तुकडा घेऊन भरावा लागतो, पुन्हा पट्ट्या बसवाव्या लागतात, आणि आधीच्या जखमेचा व्रण आड येतो म्हणून सगळंच अवघड होऊन बसतं. हे करायला मूळ डॉक्टर परराज्यात, आणि नवा डॉक्टर दुसऱ्याच्या हातचं काम अंगावर घ्यायला नाखूश. शेवटी पाय वळतात बांबोळीकडेच, गोवा मेडिकलकडे नाहीतर शेजारच्या दंत महाविद्यालयाच्या मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांच्या, विभागाकडे. म्हणजे पॅकेजचे पैसे एकाला आणि बिघाडाचा खर्च गोव्याच्या तिजोरीला. 'तिचा पैसा, तिचा प्रश्न' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. 'मरो तिकडे' म्हणणाऱ्यांनीही द्यावं, कारण कॅज्युअल्टीच्या दारात आलेल्या माणसाला कुठलाही डॉक्टर तसं म्हणत नाही आणि म्हणूही नये.

फ्रान्सला हा प्रश्न मोठ्या आकड्यात पडला होता. तिथल्या एका कंपनीनं स्तनरोपणात औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं. फ्रान्समधल्याच सुमारे तीस हजार बायकांच्या अंगात ती रोपणं होती. त्यांतल्या पुष्कळ जणींनी ती हौसेनं बसवली होती, म्हणून लोक तिथेही कुजबुजले असतीलच. सरकारनं ती काढून घेण्याचा सल्ला दिला आणि काढण्याचा खर्च सामाजिक विम्यावर टाकला. केवळ सौंदर्यासाठी नवी बसवायची तर त्याचे पैसे मात्र ज्याचे त्यानं भरायचे. दुखणं निस्तरणं समाजाचं आणि हौस स्वतःची, असा तो हिशेब. त्याच देशात सौंदर्यशस्त्रक्रियेचा तपशीलवार लेखी अंदाज दिल्यावर किमान पंधरा दिवस थांबण्याची कायदेशीर अट आहे. पंधरा दिवसांत माणूस चार लोकांशी बोलतो, एखाद्या दुसऱ्या डॉक्टरला विचारतो. पॅकेजवाल्यांना तेच नको असतं.

गोव्याला हे जास्त लागू पडतं, कारण आपण या धंद्याच्या दोन्ही टोकांना आहोत. आपली मुलं मुंबई, बेंगळुरू, बँकॉकला जातात, आणि परदेशी पाहुणे दात करून घ्यायला, किनाऱ्यावर सुट्टी काढता काढता चेहरा ठीकठाक करून घ्यायला आपल्याकडे येतात. ते परत गेल्यावर त्यांच्या देशातल्या सरकारी इस्पितळात जी तक्रार घेऊन जात असतील, ती आपल्या डिचोलीच्या तक्रारीसारखीच असणार. मग सुरुवात इथून का करू नये? हाड कापायचं असेल तर कोण कापणार त्याचं नाव लेखी द्यावं. बिघडलं तर किती काळापर्यंत, कोण आणि कोणाच्या खर्चानं निस्तरणार, हे किमतीच्या शेजारीच छापावं. आधीचा आणि नंतरचा सीटी स्कॅन, कोणत्या पट्ट्या आणि किती स्क्रू बसवले त्याची नोंद, हे सगळं घरी सोडतानाच रुग्णाच्या हातात द्यावं. मागितल्यावर बहात्तर तासांत कागद देण्याचा नियम २००२ पासून आहेच, पण तो मागायला लागतो आणि मागणाऱ्याकडे लगेच संशयानं पाहिलं जातं. गोवा मेडिकल कौन्सिलनं आणि दंत परिषदेनं मिळून दुसऱ्यांदा झालेल्या प्रत्येक सौंदर्यशस्त्रक्रियेची नोंद ठेवावी, रुग्णाचं नाव झाकून, पहिल्या सर्जनचं नाव न झाकता. या शेवटच्या सूचनेवर डॉक्टर मित्र नाराज होतील. दुसऱ्याचं बिघडलेलं काम रोज निस्तरणारे होणार नाहीत, त्यांच्याशी मी बोललोय.

यानं खर्च वाढेल, हा आक्षेप येणारच. दुसऱ्या शस्त्रक्रियेची जबाबदारी घ्यायची म्हणजे डॉक्टरला विमा मोठा घ्यावा लागेल, आणि जाहिरातीतले आकडे आज आहेत तेवढे गोड राहणार नाहीत. वाढू दे. डिचोलीच्या मुलीच्या दुरुस्तीसाठी तिच्या वडिलांनी भावाच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली, आणि तो आकडा पहिल्या दवाखान्याच्या कुठल्याही पत्रकात छापलेला नव्हता.